आठवीसाठी गावातल्या विहिरींवर प्रकल्प: आराखडा तपासून द्याल का?

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार. शाळा खाडीकाठच्या गावातली आहे. आठवीत ३४ मुलं, आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास आणि शनिवारी सकाळची शाळा. जानेवारीपासून विज्ञान, गणित आणि भूगोल एकत्र गुंफणारा एक प्रकल्प घ्यायचा आहे. विषय ठरवलाय 'आपल्या गावातलं पाणी'. खाडीकडच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, सड्याकडच्या (वरच्या कातळी पठाराकडच्या) आटतात.

थर्माकोलचं मॉडेल, दुकानातून आणलेली चित्रं आणि इंटरनेटवरून उतरवलेली पानं हे नको आहे. मुलांनी खरंच काही शोधावं असं वाटतं. आराखडा ढोबळ आहे: दोन आठवडे माहिती गोळा करणं, चार आठवडे विहिरींना भेटी, दोन आठवडे तक्ते आणि शेवटी प्रदर्शन. यात कुठे फसायला होईल ते सांगा. प्रश्न कसा ठेवावा, साहित्य काय लागेल, गुण कसे द्यावेत, सगळ्यावरच मदत हवी आहे.

---

मोजपट्टी

मॅडम, विषय चांगला आहे, पण 'आपल्या गावातलं पाणी' हा प्रश्न झाला नाही, ते धड्याचं नाव झालं. त्यातून निबंध निघतो. प्रश्नाला तीन कसोट्या लावा. उत्तर गूगलवर मिळता कामा नये. मुलांना स्वतः मोजून ते काढता यायला हवं. आणि ते उत्तर गावात कोणाला तरी खरोखर हवं असायला हवं.

विहिरींच्या बाबतीत तिन्ही जमतं. अडचण एवढीच की पाणी मचूळ होतं ते मे महिन्यात, आणि तेव्हा शाळा बंद. म्हणजे 'मेमध्ये कोणत्या विहिरी मचूळ होतात' हा प्रश्न घेतला तर उत्तराच्या वेळी वर्गच नसेल. त्यापेक्षा प्रश्न भाकिताचा करा:

'जानेवारी ते मार्च दर आठवड्याला मोजून आपण सांगू शकतो का, की आपल्या सहा विहिरींपैकी कुठली मेमध्ये आधी आटेल आणि कुठली आधी मचूळ होईल?'

मार्चअखेर मुलांनी प्रत्येक विहिरीचं भाकीत तारखेच्या अंदाजासह लिहून पाकिटात बंद करायचं. मेमध्ये विहिरीचे मालक किंवा गावातल्या पाण्यावर देखरेख ठेवणारे जलसुरक्षक प्रत्यक्ष तारीख नोंदवतील. जूनमध्ये तीच मुलं नववीत आली की पाकिटं उघडायची. चुकलेलं भाकीत का चुकलं, यावर एक तास ठेवाच. शिकणं सगळ्यात जास्त त्या तासाला होतं.

तुमच्या आराखड्यात 'दोन आठवडे माहिती गोळा करणं' आहे ते काढून टाका. मुलांनी आधी वाचायला घेतलं की उतरवणं सुरू होतं. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर न्या. वाचायची गरज दुसऱ्या मोजणीनंतर आपोआप लागते.

---

जांभ्याचा_चिरा

पाण्याची पातळी कशी मोजायची ते नीट सांगतो, कारण बहुतेक प्रकल्प इथेच कच्चे राहतात.

दोरीला दगड बांधून 'पाणी लागलं का' असं बघू नका. सुंभ भिजला की लांबी बदलते, नायलॉन ताणतो, आणि दोरी कधी ढिली पडली ते वरून कळत नाही. फायबरची १५ किंवा २० मीटरची टेप घ्या. तिच्या शून्याकडच्या टोकाला स्टीलचं छोटं वजन लावा. जाळ्याला असतात ती शिशाची वजनं गावात सहज मिळतात, पण पिण्याच्या विहिरीत शिसं सोडायचं नाही.

टेपच्या खालच्या एक मीटरला सुका खडू घासा. काठड्यावर रंगाने एक खूण करा, ती वर्षभर बदलायची नाही. टेप सावकाश खाली सोडा, वजन पाण्यात गेल्याचा आवाज आला की आणखी थोडी सोडा आणि एखादा पूर्ण आकडा खुणेशी धरा, समजा ७.०० मीटर. टेप वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजलाय तो आकडा वाचा, समजा ०.४३. मग काठड्यापासून पाणी ७.०० वजा ०.४३, म्हणजे ६.५७ मीटर खाली आहे. दोन सेंटिमीटरच्या आत अचूकता सहज मिळते. लगेच दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत २ सें.मी.पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

चुका कुठून येतात:

मोटार चालू असेल किंवा नुकतीच बंद केली असेल तर पातळी खोटी खाली दिसते. पाणी परत भरून यायला काही विहिरींना तासभर लागतो, काहींना रात्र. म्हणून शनिवारी सकाळी मोजून होईपर्यंत मोटार लावायची नाही, असं मालकांशी आधीच ठरवा. ज्यांना ते जमणार नाही त्यांची विहीर घेऊच नका.

टेप आतल्या कपारीला किंवा पायरीला अडकते. प्रत्येक विहिरीवर टेप सोडायची जागाही खुणेजवळच ठरवून ठेवा.

एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जाताना टेप आणि वजन ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून स्वच्छ फडक्याने पुसा. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात आपण हात घालतोय.

आणि सुरक्षा: काठडा मुलांच्या कमरेच्या वर हवा. ज्या विहिरीला काठडा नाही किंवा चिरे सुटलेत ती यादीतून वगळा, मग ती प्रकल्पासाठी कितीही योग्य असो. काठड्याशी एका वेळी दोनच मुलं, शेजारी एक मोठं माणूस, वाकणं नाही. बाकीचे दोन मीटर मागे.

---

खाडीकाठ

मचूळपणा मोजायला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ) दाखवणारा मीटर पुरे. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. दोन घ्या, म्हणजे एक बिघडला तर कळेल.

मीटर क्षार थेट मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि ठरावीक गुणकाने आकडा दाखवतो. गुणक कंपनीप्रमाणे वेगळा असतो. एक लिटर पाण्यात १ ग्रॅम मीठ घातलं तर एखादा मीटर १००० च्या आसपास दाखवेल, दुसरा १४०० च्या आसपास. दोघांपैकी कोणीही बिघडलेला नाही. म्हणून पहिला पूर्ण तास मीटर पारखण्याला द्या:

१० ग्रॅम मीठ थोड्या बॅटरीच्या पाण्यात (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) विरघळवून एकूण एक लिटर करा. हे मूळ द्रावण. त्यातलं २५, ५०, १०० आणि २०० मि.ली. वेगवेगळं घेऊन प्रत्येकी एक लिटरपर्यंत भरा. लिटरमागे २५०, ५००, १००० आणि २००० मिलिग्रॅमची द्रावणं तयार होतात. पाचवं निव्वळ बॅटरीचं पाणी. प्रत्येकाचं वाचन घेऊन आलेख काढा. पुढचं प्रत्येक वाचन या आलेखावरून दुरुस्त करायचं. गणितातलं समप्रमाण इथे आपोआप येतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

तुलनेसाठी आकडे: पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) विरघळलेल्या घन पदार्थांची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यामुळे खाडीचं पाणी थेट मीटरमध्ये घालू नका, आकडा मीटरच्या कक्षेबाहेर जातो. बॅटरीच्या पाण्याने दहापट किंवा वीसपट पातळ करा आणि आकड्याला तितक्याने गुणा.

नमुना वरून घेतला तर फसाल. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं. वर गोडं पाणी तरंगतं. घागरीने काढलेलं पाणी गोडं लागतं आणि मोटारीचं मचूळ लागतं, त्यामागे बरेचदा हेच कारण. तळाचा नमुना घ्यायला २०० मि.ली.ची बाटली, तिला अर्धा किलोचा काळा दगड बांधलेला आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाजवळ गेली की बुचाच्या दोरीला झटका द्यायचा. जांभ्याचा दगड नको. तो सच्छिद्र आणि हलका, शिवाय त्याची माती पाण्यात उतरते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, तिसऱ्यानंतरचा नमुना ठेवा.

नमुने वर्गात आणून तासभर ठेवा, मग मोजा. तापमान एक अंशाने वाढलं की विद्युतवाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मीटरमध्ये दुरुस्तीची सोय असली तरी सगळे नमुने एकाच तापमानाला आलेले बरे.

---

सुरंगी

पाण्याचे थर आठवीच्या मुलांना कसे पटवायचे? सांगून ऐकतील, पण पटणार नाही.

---

खाडीकाठ

सांगू नका, दाखवा. काचेच्या उभट बरणीत साधं पाणी भरा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात निळी शाई टाका. नळीने हे निळं पाणी बरणीच्या तळाशी सावकाश सोडा. थर स्पष्ट दिसतो आणि हलवलं नाही तर बराच वेळ टिकतो. मग वरचं पाणी चमच्याने काढत जा. निळा थर होता तितकाच राहतो, पण वरचं गोडं पाणी संपत आलं की पुढचा चमचा निळा येतो. मुलांना विहिरीतला मे महिना दिसतो.

पाठीमागचा नियमही सोपा आहे. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या १.०२५ पट. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीत समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी साठलेलं असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी खाऱ्याला दाबून ठेवतं. वरचं अर्धा मीटर उपसलं की खालचं खारं पाणी हळूहळू वीस मीटर वर सरकू पाहतं. आपल्याकडचा भेगाळ कातळ हे गणित तंतोतंत पाळत नाही, पण दिशा हीच.

मात्र हे गणित बरणीच्या प्रयोगानंतर आणि निदान चार मोजण्या झाल्यानंतरच सांगा. आधी सांगितलं तर मुलं तेच उत्तर वहीत लिहून मोकळी होतात.

---

आठवी_ब

वेळापत्रकावर बोलतो. शिमगा आडवा येणार, हे धरूनच चाला. पालखी घराघरांतून फिरते त्या दिवसांत मुलंही नसतात आणि मालकांना मोटार बंद ठेवायला सांगायची सोयही नसते. एक शनिवार कोरा सोडा. आलेखात तिथे तुटक रेघ काढायला लावा, अंदाजाने ठिपका भरायचा नाही.

३४ मुलांचे सहा गट: चार गट सहाचे, दोन गट पाचांचे. प्रत्येकाकडे एक विहीर. शक्यतो तीन विहिरी खाडीकडच्या, दोन मधल्या, एक सड्याजवळची. गटातली कामं दर आठवड्याला फिरवा: टेप सोडणारा, आकडा वाचणारा, लिहिणारा, लिहिलेलं मोठ्याने परत वाचून दाखवणारा, नमुना काढणारा. सहावा असेल तर तो फक्त सुरक्षेवर लक्ष ठेवेल. 'परत वाचून दाखवणारा' अनावश्यक वाटतो, पण ६.५७ चं ६.७५ होण्याची चूक तोच पकडतो.

ढोबळ क्रम असा: पहिला आठवडा विहिरी पाहणं आणि खुणा करणं, दुसरा मीटर पारखणं आणि टेपचा सराव, तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत शनिवारची मोजणी (मध्ये एक कोरा). आठवड्यातल्या दोन तासांपैकी एक नोंदी तपासायला, एक त्या आठवड्याला लागेल ते शिकवायला. सगळं शिकवून मग प्रकल्प, असं करू नका. आणि काहीच न शिकवता मुलं शोधतील असंही धरू नका. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी तिसऱ्या आठवड्याआधी, आलेखाचं प्रमाण चौथ्याच्या आधी, सरासरी पाचव्यात.

मोजणी कधी थांबवायची ती तारीख आधीच जाहीर करा. नाहीतर शेवटचे दोन आठवडे चार्टपेपर रंगवण्यात जातात आणि आकड्यांवर विचार राहून जातो. तुमच्या आराखड्यातले 'दोन आठवडे तक्ते' मला म्हणूनच खटकले.

---

मोजपट्टी

आठवी_ब यांनी आलेखाचा उल्लेख केला म्हणून एक खास चूक सांगतो. 'काठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर' मुलं नेहमीप्रमाणे खालून वर मोजत आलेख काढतात. मग पाणी उतरतंय आणि रेघ चढतेय असं चित्र दिसतं आणि अर्धा वर्ग उलटा निष्कर्ष काढतो. उभ्या अक्षावर शून्य वर ठेवा आणि आकडे खाली वाढवत न्या. शून्य म्हणजे काठडा.

दुसरं, सहा विहिरींची खोली थेट ताडून बघू नका. सड्याजवळच्या विहिरीत पाणी ९ मीटरवर आणि खाडीकडच्या विहिरीत ३ मीटरवर असणं यातून काहीच कळत नाही, जमीनच उंचसखल आहे. पहिल्या आठवड्यापासून पातळी किती उतरली, ते ताडा.

भाकिताचं गणित: दर आठवड्याला सरासरी १२ सें.मी. उतरत असेल आणि मार्चअखेर तळापासून १४० सें.मी. पाणी उरलं असेल, तर १४० भागिले १२, म्हणजे साधारण साडेअकरा आठवडे. पण उन्हात बागांना पाणी वाढतं, मुंबईकर सुट्टीला गावी येतात, उपसा वाढतो. म्हणून एक तारीख सांगायला लावू नका. 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' अशा दोन तारखा, आणि प्रत्येकीमागचं कारण.

---

सुरंगी

खूपच उपयोगी. प्रदर्शन ठेवू की नको?

---

पऱ्यापलीकडे

प्रदर्शनाला माझा विरोध नाही, पण तिथे पालक येतात, कौतुक करतात आणि जातात. निष्कर्षांवर प्रश्न कोणी विचारत नाही. त्यापेक्षा १ मे च्या ग्रामसभेत दहा मिनिटं मागून घ्या. समोर सरपंच, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठा समिती असते, आणि टँकर कधी मागवायचा हा त्यांचा खरा प्रश्न असतो. मुलांनी विहिरींचा क्रम सांगितला की तिथे कोणीतरी म्हणणारच, 'आमच्या विहिरीला काय झालंय?' त्याला आकड्याने उत्तर देता आलं पाहिजे. प्रकल्पाची खरी परीक्षा ती.

पत्र फेब्रुवारीतच द्या, एप्रिलमध्ये नको. विषयपत्रिका आधी ठरते. आणि एक काळजी: कोणाच्याही विहिरीबद्दल 'पिण्याला अयोग्य' असं मुलांनी जाहीर म्हणायचं नाही. टीडीएसवरून जंतू कळत नाहीत. जल जीवन मिशनमधून गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्यापैकी कोणाला एक दिवस वर्गात बोलवा, म्हणजे टीडीएस कशासाठी आणि जंतूंची तपासणी कशासाठी हा फरक मुलांना कळेल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा घेतात. तालुक्यातल्या जवळच्या विहिरीच्या नोंदी जिल्हा कार्यालयातून मागवा. तुमच्या साप्ताहिक नोंदी त्यांच्या दोन मोजण्यांमधली जागा भरतात, हे मुलांना कळलं की वही आपोआप नीट राहते.

काम गावाच्या उपयोगी पडावं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिक्षण, पुढे आली, आणि डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या पाबळच्या विज्ञान आश्रमातही विद्यार्थ्यांचं काम गावाला सेवा म्हणूनच पोचतं.

---

आठवी_ब

गुणांचं राहिलं. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात प्रकल्प हे साधन आहेच, पण गटाला एकच गुण दिले की दोन मुलं काम करतात आणि चार त्यांच्यामागे लपतात. माझ्या मते वीसपैकी: मोजणीची शिस्त ५ (शनिवारी बघून द्यायचे), स्वतःची नोंदवही ५, एकट्याने सोडवायचं काम ६, मांडणी ४. मांडणीला मुद्दाम कमी.

एकट्याने सोडवायचं काम म्हणजे १५ मिनिटांत एका काल्पनिक विहिरीचे सहा आठवड्यांचे आकडे: ६.५७, ६.६८, ६.८०, ६.७९, ७.०४, ७.१५. आलेख काढा, संशयास्पद आकडा ओळखा आणि तो तसा का आला असेल याची दोन कारणं लिहा. उत्तर ६.७९. टेप चुकीची वाचली, किंवा त्या आठवड्यात उपसा बंद होता, किंवा अवकाळी पाऊस झाला. ज्याने विहिरीवर खरंच काम केलंय त्याला कारणं सुचतात.

घरी बसून लिहिलेले आकडे ओळखायला प्रत्येक शनिवारी एका विहिरीची मोजणी दुसऱ्या गटाकडून गुपचूप पुन्हा करून घ्या. दर आठवड्याला नेमकी दहा-दहा सें.मी. घट दिसली तर शंका घ्या. खरी विहीर इतकी सरळ वागत नाही. पण मुलाला खोटं ठरवू नका. 'पुन्हा मोजून येऊ' एवढंच म्हणा आणि सोबत जा.

---

भांगाची_भरती

जिथे काठड्याच्या विहिरीच नाहीत किंवा इतके आठवडे मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी पंधरा दिवसांचा दुसरा प्रकल्प सुचवतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात चालेल.

जुन्या माणसांचा नियम: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पाणी भरलेलं. प्रश्न: हा नियम आपल्या जेट्टीवर किती मिनिटांनी चुकतो, आणि का?

जेट्टीच्या खांबावर दर ५ सें.मी.ला रंगाने खुणा करा. लाटांमुळे वाचन हलतं, म्हणून खांबाला तीन इंची पीव्हीसी पाइप उभा बांधा. खालचं तोंड बंद करून त्याला पेन्सिलीएवढं भोक ठेवा. आत थर्माकोलचा तरंगणारा तुकडा आणि त्यावर हलकी उभी काडी. आतलं पाणी शांत राहतं.

भरतीच्या माथ्याला पाणी बराच वेळ थबकल्यासारखं दिसतं, त्यामुळे 'आता पूर्ण भरलं' ही वेळ डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्याऐवजी अपेक्षित वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत दर दहा मिनिटांनी वाचन घ्या, एकूण १३. चढताना आणि उतरताना पाणी एकाच खुणेवर होतं त्या दोन वेळांचा मध्य काढा. तीन खुणांचे मध्य काढून त्यांची सरासरी घ्या. पाच मिनिटांच्या आसपास अचूकता मिळते.

आता गंमत बघा. दर तिथीला भरती साधारण ४८ मिनिटं पुढे जाते, नियम ४५ धरतो. तीन मिनिटांची तूट साठत साठत पंधराव्या तिथीला ४५ मिनिटं होते. पाऊणपटीऐवजी चारपंचमांश धरलं तर गणित बरोबर बारा तासांवर येतं, पण होडीत बसून तोंडी करायला पाऊणपट सोपी. मुलांनी हे स्वतः शोधलं पाहिजे, म्हणून शेवटच्या आठवड्याआधी बोलू नका. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या मधल्या दिवसांत वेळ आणखी थोडी मागेपुढे होते, तेही आलेखात दिसेल. कॅलेंडरात तिथीचा क्षय किंवा वृद्धी (तिथी गळणं किंवा दोनदा येणं) असेल त्या दिवशी गोंधळ होतो, तो आधीच हेरून ठेवा.

खाडीच्या आत दुसरा गट बसवता आला तर तिथे भरती किती मिनिटं उशिरा पोचते तेही कळतं. हे उत्तर कुठल्याच कॅलेंडरात छापलेलं नाही. रात्रीच्या भरत्या सोडून द्या, फक्त दिवसाच्या घ्या.

---

सुरंगी

आमच्या वाडीत सड्याकडे एक छोटी शाळा आहे, तिथे सगळ्या वर्गांची मिळून ९ मुलं आणि एकच शिक्षिका. त्यांना यात कसं घेता येईल?

---

जांभ्याचा_चिरा

त्यांना एकच विहीर द्या, सड्यावरची. शनिवारी तुमच्या सड्याकडच्या गटाने तिथे जायचं. टेप सोडणं आठवीकडे. लहान मुलांनी खडूचा भिजलेला भाग वाचायचा आणि भिंतीवरच्या पट्टीवर रंगीत कागदाचा तुकडा लावायचा. पट्टी विहिरीच्या दशांश मापाची करा: एक मीटरला दहा सेंटिमीटर. दर आठवड्याला तुकडा खाली सरकताना दुसरीतल्या मुलालाही दिसेल. काठड्याजवळ पाचवीखालचं कोणी नको.

विहीर मालकांच्या संमतीची चिठ्ठी दोन्ही शाळांच्या फाइलमध्ये ठेवा. चिठ्ठीत तीन ओळी पुरे: कोणत्या शनिवारी येणार, मोटार किती वाजेपर्यंत बंद हवी, आणि आकडे ग्रामसभेत सांगताना विहिरीचं नाव घ्यायचं की नुसता क्रमांक.

---

सुरंगी

क्रमांकच ठेवते. सहा विहिरी शोधायला या रविवारी निघतोय. काठडा, मोटारीची वेळ आणि टेप सोडायची जागा, या तीन रकान्यांचा तक्ता करून इथेच टाकते, बघून सांगा.